ताशी पंचवीस

तंजावूरच्या करंतै चौकात डावीकडून आलेली ऑटो स्कूटरवरच्या सेतुमाधवला दिसलीच नाही. धक्का किरकोळ होता, गुडघा खरचटला तेवढंच. पण ऑटोवाला खाली उतरून ओरडला, "इतका वेळ हॉर्न वाजवतोय, तुम्ही बघताय तरी कुठं?" घरी येऊन सेतुमाधवनं ती गोष्ट बायकोला हसतहसत सांगितली. कनकलता हसली नाही. त्याच आठवड्यात ती त्याला त्रिचीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं विझत चाललं होतं. थेंब आयुष्यभर घालायचे आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सेतुमाधव चौतीस वर्षं वीज मंडळाच्या लॅबमध्ये मीटर तपासायच्या कामावर होता. मोजून सांगितलेली गोष्ट तो मानत असे. त्यानं डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्याच महिन्यात स्कूटर विकून टाकली.

अडचण होती ती तिरुवैयारुची. कनकलताची थोरली बहीण जयलक्ष्मी तिथं राहायची. ती खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळली होती. मुलगा आणि सून दोघंही शाळेत शिकवायला जात, म्हणून आठवड्यातून तीन दिवस कनकलता जाऊन तिला अंघोळ घालायची, डोकं विंचरायची, दुपारचं जेवण भरवायची. तोवर सेतुमाधवच तिला स्कूटरवरून नेत असे. आता बस. बसच्या पायरीवर सेतुमाधव दोनदा अडखळला, तेव्हापासून तो घरीच राहू लागला. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तो पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसलेला असायचा. दिवसभरात किती शब्द बोललात असं तिनं एकदा विचारलं. "दूधवाल्याशी तीन," तो म्हणाला.

मग एक दिवस तिनं जाहीर केलं, "मी गाडी घेते. विजेवरची."

"तू?"

"ओरत्तनाडूला माहेरी असताना मी सायकल चालवत होते. तोल काही विसरत नाही माणूस."

सेतुमाधव म्हणाला, "पाहा तर मग."

गाडी मिळाली ती नात्यातल्या मुरलीकृष्णकडे. त्याची मुलगी कॉलेजसाठी चेन्नईला गेली होती आणि तिची विजेची स्कूटर दारात धूळ खात उभी होती. ज्या कंपनीनं ती बनवली ती दोन वर्षांतच बंद पडली होती, त्यामुळे कुणी घ्यायला तयार नव्हतं. ताशी पंचवीसच्या पुढं ती जात नसे. म्हणून तिला लायसन्स लागत नव्हतं आणि नंबरप्लेटही नव्हती. मुरलीकृष्णनं जुन्या मोबाईलच्या किमतीत ती देऊन टाकली. "मामी, ही गाडी नाही हो, खेळणं आहे," असंही वर सांगितलं.

कनकलता राजवाड्याजवळच्या मैदानात चार सकाळी शिकली. सेतुमाधव कडेला उभा राहून सूचना देत होता. पाचव्या दिवशी ती मेलवीदीच्या एकेरी रस्त्यानं एकटी फेरी मारून आली आणि घरात शिरताच म्हणाली, "अहो, तुम्हांस ठाऊक आहे का, आपल्या रस्त्याच्या उजवीकडे एक छोटा विनायक आहे. कौलारू देवळी आहे त्यास."

"आहेच की. पहिल्यापासून आहे."

"मला आज दिसला."

एकतीस वर्षं ती त्याच्या मागं एका अंगानं बसली होती, दोन्ही पाय डावीकडे सोडून. या गावाची तिला डावी बाजू तेवढी माहीत होती.

त्यानंतर सेतुमाधव मागं बसू लागला. पहिल्या दिवशी तो दोन्ही हातांनी सीटखालचा दांडा घट्ट धरून बसला होता, आणि शेजारचे सूर्यनारायण गेटातून बघत होते म्हणून त्यानं मान दुसरीकडे वळवली होती. तंजावूर ते तिरुवैयारु अंतर फार नाही, पण वाटेत पाच नद्या आहेत आणि पाच पूल. पहिले चार पूल गाडीनं कसेबसे पार केले. शेवटच्या, कावेरीच्या पुलाच्या चढावर मात्र तिचा दम संपला. आधी वेग सायकलइतका झाला, मग चालणाऱ्याइतका. मोटर गुरगुरू लागली आणि मागून ट्रकचा हॉर्न आला.

"थांब, मी उतरतो," सेतुमाधव म्हणाला.

तो उतरला, गाडी हलकी होऊन पुढं सरकली. पूल संपल्यावर कनकलता थांबली आणि तिनं मागं वळून पाहिलं. सेतुमाधव पुलाच्या कडेनं चालत येत होता, खांदे आखडून, नजर सरळ समोर. त्याच्या उजव्या बाजूनं वाळूचा ट्रक हातभर अंतरावरून गेला. त्यानं मानही फिरवली नाही. ट्रक पुढं निघून गेल्यावर मात्र तो दचकला आणि त्यानं कठडा धरला.

त्या दिवशी जयलक्ष्मीचे केस विंचरताना कनकलतानं तोच भांग दोनदा मोडून पुन्हा काढला. बहिणीनं विचारलं, काय झालं? "काही नाही, नवी गाडी आहे, हात दुखतात," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एक तर तुम्ही येऊ नका, नाही तर ही गाडी दोघांना घेऊन पूल चढेल असं काही तरी करा. पुलावरून तुम्ही चालत यायचं नाही."

हे वाक्य सेतुमाधवला हवंच होतं. निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे कुणी काही दुरुस्त करायला दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कपाटातला मल्टिमीटर काढून पुसला.

मेडिकल कॉलेज रोडवर अखिलाचं बॅटरीचं दुकान होतं. अखिला तिशीची, डिप्लोमा केलेली. तिच्या आजीच्या घरी मराठी बोलत, म्हणून तिला सगळं कळायचं, पण बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला तमिळ यायचं. तिनं गाडीची सीट उचलली, चार शिशाच्या बॅटऱ्यांना एकेक करून मीटर लावला आणि म्हणाली, "मामा, यातल्या दोन मेल्या आहेत. बाकीच्या दोन त्यांना ओढतायत."

"म्हणजे लिथियम घालायची."

"घालायची. पण नुसती बॅटरी बदलून पूल चढणार नाही. कंट्रोलर मोटरला करंटच कमी सोडतो. तो बदला, थोडा मोठा. बॅटरीपासूनच्या वायरी जाड घ्या. आणि मामी, ब्रेकचे लायनर नवे टाका. ओढ वाढवली तर थांबायची ताकदही वाढवायला पाहिजे. चार्जरही नवा, हं. जुना चार्जर या बॅटरीला चुकूनसुद्धा लावायचा नाही."

"वेग वाढेल का?" कनकलतानं विचारलं.

"नाही. चढाला जोर येईल, वेग पंचवीसच राहील." अखिलानं नव्या कंट्रोलरची एक पांढरी वायर बोटावर घेऊन दाखवली. तिची दोन टोकं एकमेकांत खोचलेली होती. "ही जोडलेली आहे तोवर पंचवीस. ही काढली की पंचेचाळीस. पण मग लायसन्स लागतं, नोंदणी लागते, आणि ही चाकं त्या वेगाची नाहीत. काढू नका."

सेतुमाधवनं ती वायर हातात घेऊन अंगठ्यानं चाचपली. "काढतंय कोण," तो म्हणाला.

अखिला तीन दिवसांत गाडी करून देणार होती, पण सेतुमाधवनं ऐकलं नाही. सगळं सामान घरी आणलं आणि मागच्या अंगणात, विहिरीजवळ, पोतं पसरून कामाला बसला. दोन दिवस तो खूश होता. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हता. बॅटरीची पेटी नेमकी बसावी म्हणून त्यानं पत्र्याची पट्टी वाकवली, तिच्या कडांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. कनकलता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तो वरचेवर शीळ घालत होता.

तिसऱ्या दिवशी शीळ बंद झाली.

मोटरच्या तीन जाड वायरी होत्या, पिवळी, हिरवी आणि निळी. कंट्रोलरच्याही तशाच तीन. रंगाला रंग जोडायचा, इतकं सोपं काम. सेतुमाधवनं जोडलं, गाडी स्टँडवर चढवली आणि मूठ फिरवली. चाक थरथरलं, दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि झटका देऊन ते उलटं फिरलं. त्यानं वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या. पुन्हा तेच. तो म्हणाला की कंट्रोलरच खराब आहे, अखिलानं जुना माल गळ्यात मारला.

कनकलता कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा तो एक वायर नाकाशी धरून, उन्हाकडे तोंड करून बसला होता. तिनं पेला खाली ठेवला.

"ही हिरवी ना?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"निळी आहे."

त्यानं वायर खाली ठेवली, दुसरी उचलली. "आणि ही?"

"ही हिरवी."

विहिरीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि उडून गेली. सेतुमाधवनं हात फडक्याला पुसले, एकेक बोट निराळं.

"दोन्ही मला राखाडीच दिसतात," तो म्हणाला. "पिवळी तेवढी कळते."

"कधीपासून?"

"पोंगलच्या आधीपासून."

"सहा महिने! डॉक्टरांस का नाही सांगितलं? मला तरी?"

"सांगून काय झालं असतं? त्यांनी अजून एक गोष्ट काढून घेतली असती."

कनकलताला राग आला. राग गिळून ती तिथंच पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मी रंग सांगते, तुम्ही जोडा."

तिनं सांगितलं, त्यानं जोडलं. या वेळी चाक पाण्यासारखं फिरलं, आवाज न करता. सेतुमाधव त्याच्याकडे बघत राहिला. पण त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांपूर्वीचा आनंद नव्हता. त्रिचीची तारीख घेऊ या, असं ती म्हणाली, तेव्हा त्यानं "बघू" म्हटलं आणि अवजारं आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कनकलता उठली तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. अंगणात गाडी नव्हती.

ती फाटकाशी उभी राहिली. फोन लावला तर तो आत टेबलावर वाजला. कुणाला विचारायचं, कुणीकडे जायचं, काही सुचेना. अर्धा तास झाला असेल. मग गल्लीच्या तोंडाशी दोघं जण दिसली. सेतुमाधव गाडी ढकलत आणत होता. गाडीचं हँडल वाकडं झालं होतं. आणि त्याच्या शेजारी भवानी होती, त्यांच्याच गल्लीत फुलं विकणारी. तिनं डावा हात छातीशी धरला होता, साडीला चिखल लागला होता आणि ती सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमधून बोलत होती.

"अम्मा, यांना सांभाळा तुम्ही! मी सायकल ढकलत कडेनं चाललेय, माझ्या सायकलला एवढी मोठी टोपली, आणि हे सरळ येऊन आपटतात! ब्रेक नाही, हॉर्न नाही! चार किलो मल्लीची फुलं रस्त्यावर!"

सेतुमाधवच्या कोपरातून रक्त येत होतं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

कनकलतानं भवानीला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं, पण मनगट चांगलंच मुरगळलं होतं. पट्टी बांधून दहा दिवस वजन उचलायचं नाही असं सांगितलं. भवानीच्या फुलांची भरपाई कनकलतानं केली, पण खरी अडचण पुढं होती. भवानी रोज पहाटे सायकल घेऊन पूक्कार वीदीच्या फुलबाजारात जायची, टोपली भरून आणायची. एका हातानं ती सायकल ढकलू शकत नव्हती. दहा दिवस धंदा बसला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, हे ती शांतपणे म्हणाली. सकाळच्या त्या ओरडण्यापेक्षा हे ऐकणं कनकलताला जड गेलं.

घरी आली तेव्हा सेतुमाधव पुढच्या खोलीत बसला होता. रेडिओ बंद होता.

"वायर काढली होती ना तुम्ही?" तिनं विचारलं. "पांढरी."

"काल संध्याकाळी. ती तेवढी मला दिसते." थोडं थांबून तो म्हणाला, "वडवार नदीच्या काठचा रस्ता सकाळी मोकळा असतो. एकदा तिकडून जाऊन येतो म्हटलं. कुणाला कळायचंही नाही. वारा लागला तोंडाला, अगे. इतक्या महिन्यांनी."

तिनं पाण्याचं भांडं आणि फडकं आणलं.

"ती एकदम समोर आली," सेतुमाधव म्हणाला. मग त्यानं मान हलवली. "नाही. ती एकदम आली नाही. ती आधीपासून तिथंच होती. मला दिसायला उशीर झाला." तो आपल्या हातांकडे बघत होता. "एखादं पोर असतं तर?"

कनकलतानं त्याचं कोपर धुतलं, त्यावर औषध लावलं. सकाळपासून तिनं मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं नाही. तो स्वतःच ते सगळं स्वतःला बोलत होता.

दुपारी तो एकटा निघाला, पायी. मेडिकल कॉलेज रोडपर्यंत चांगला पाऊण तास लागतो. अखिलाला त्यानं काय झालं ते सांगितलं आणि म्हणाला, "येऊन हँडल सरळ कर. आणि पांढरी वायर अशी जोड, की मला काढता येणार नाही." अखिला संध्याकाळी आली. तिनं वायरीची टोकं डाख देऊन पक्की जोडली, वरून काळी नळी चढवली आणि कंट्रोलरचा डबा बंद करून स्क्रूच्या डोक्यांवर गोंद ओतला. सेतुमाधव शेजारी बसून स्क्रू हातात देत होता. जाताना अखिला एवढंच म्हणाली, "मामा, पत्र्याची पट्टी तुम्ही वाकवलीय? फार नीट बसलीय. माझ्याकडे अशी बसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस कनकलतानं भवानीला फुलांच्या बाजारात नेलं. पहाटे पाचला ती भवानीच्या दारात जायची. भवानी मागं बसायची, चांगला हात कनकलताच्या खांद्यावर ठेवून, आणि वाटेत बाजाराचं राजकारण सांगायची. कोण पाणी मारून वजन वाढवतो, कुणाची कनकांबराची फुलं कालची असतात. बाजारात पोत्यांवर मल्लीचे ढीग, वर पिवळे दिवे, आणि भाव करणाऱ्यांचा गलका. कनकलता आयुष्यभर केसात फुलं माळत आली होती, पण ती किलोनं विकताना तिनं कधी पाहिली नव्हती. येताना पुढं पायांपाशी टोपली, मागं भवानी. एवढं ओझं घेऊनही गाडी कुरकुरत नव्हती. चौथ्या दिवशी परत येताना आपण गुणगुणत आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि ती एकदम गप्प झाली. घरी सेतुमाधव जागा असायचा, गाडी येताच चार्जरला लावायला उठायचा. आपण गुणगुणलो हे त्याला सांगावं की नाही, याचा तिनं पुष्कळ विचार केला. सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी भवानीनं मनगट फिरवून दाखवलं. "बास अम्मा. उद्यापासून माझी सायकल." मग गाडीच्या सीटवर हात फिरवत तिनं विचारलं, "माझ्यासारखीला अशी मिळेल का हो कुठं?" कनकलतानं अखिलाच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

इतके दिवस कनकलता तिरुवैयारुला एकटीच बसनं जात होती; त्या आठवड्यात दोघं पुन्हा गाडीवरून निघाली. कावेरीच्या पुलाशी येताच कनकलतानं पाठ ताठ केली. चढ सुरू झाला. काटा बावीसवर आला आणि तिथंच थांबला. सेतुमाधव मागून हलक्या आवाजात आकडे विचारत होता, ती सांगत होती. पूल संपला तेव्हा तो म्हणाला, "आता अजून दोन अँपिअर दिले असते तर..." आणि स्वतःच थांबला.

त्या दुपारी जयलक्ष्मीच्या खाटेशी बसून त्यानं सगळं सांगितलं, रंगांचं, पांढऱ्या वायरचं, भवानीचं. कनकलतानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. जयलक्ष्मीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सेतु, मी वर्षभर या खाटेवर आहे. पहिले चार महिने मी सुनेची पाठ वळली की उठायला बघत होते. दोनदा पडले. हिला ठाऊक नाही."

कनकलता भात कालवत होती. तिचा हात थांबला. "अक्का!"

"आता सांगते आहे ना," जयलक्ष्मी म्हणाली.

त्रिचीला ते पुढच्या मंगळवारी गेले. तपासण्या दोन तास चालल्या. सहा महिन्यांत डावीकडचं आणखी गेलं होतं. तेव्हाच आला असतात तर थेंब बदलता आले असते, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं धरून ठेवायचं. या वेळी सेतुमाधवनं पुष्कळ प्रश्न विचारले आणि उत्तरं कनकलताला वहीत लिहायला लावली. पाचाच्या बसनं परतायचं होतं. बसच्या पायरीशी त्यानं तिचा हात धरला.

कनकलतानं नंतर लर्नर लायसन्ससाठी अर्ज केला. गाडीला त्याची गरज नव्हती, पण तिला हवं होतं. परीक्षेसाठी रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक आणलं, आणि संध्याकाळी सेतुमाधव तिच्याकडून खुणा पाठ करून घेऊ लागला. चित्रांतले रंग त्याला कळत नसत. ती वर्णन करून अर्थ सांगायची, तो ताडून पाहायचा. चुकली की तो खडसावायचा, अगदी लॅबमधल्या कुणा नवशिक्याला खडसावावं तसा.

मागं बसणं मात्र त्याला कधीच पुरतं आवडलं नाही. समोर काही आलं आणि गाडी हळू झाली, की तिला त्याची हालचाल कळायची. तो उजवा पाय फूटरेस्टवर जोरात दाबायचा, जुन्या स्कूटरचा ब्रेक जिथं होता तिथं. ती त्याला काही म्हणत नसे. तिचाही ब्रेक त्याच वेळी लागलेला असायचा.